ढब्बूची टिपणं आणि आत्याचा फोन

ढब्बू आता अजिबात ढब्बू राहिलेला नव्हता. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून आत्यानं ते नाव ठेवलं. पुढे तो काठीसारखा बारीक झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, सॉफ्टवेअर कंपनीत चार लोक त्याला ‘सर’ म्हणायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. आत्यानं ठेवलेलं नाव सुटायला आत्याची परवानगी लागते, आणि ती मिळण्यातली नव्हती.

या ढब्बूला एक खोड होती. कुठल्याही यंत्रानं त्याला छळलं की तो त्याचं टिपण लिहायचा. कुणाला दाखवायला नाही, स्वतःसाठीच. पुन्हा तोच घोळ झाला तर पुन्हा तेवढंच डोकं फोडायला नको, हा हेतू. उदाहरणार्थ प्रिंटरचं टिपण असं होतं: ‘कागद अडकला म्हणतो तेव्हा कागद अडकलेला नसतो. मागचं झाकण काढून परत लावायचं. त्याला नुसतं कुणीतरी विचारायला हवं असतं.’ लिफ्टचं टिपण त्याहून छोटं: ‘बटण दोनदा दाबल्यानं लवकर येत नाही. माहीत आहे. तरी दाबतो.’ धुलाईयंत्र, दाराची घंटा, सासऱ्यांचा मोबाईल, सगळ्यांची टिपणं होती. सासऱ्यांच्या मोबाईलचं सगळ्यात लांब.

टिपणं तो अगदी साध्या मजकुरात लिही. रंग नाहीत, चौकटी नाहीत, नुसती अक्षरं. शीर्षक असेल तर ओळीच्या सुरुवातीला # असा एक हॅश टाकायचा, त्याच्या पोटातलं शीर्षक असेल तर दोन हॅश, आणि एखादी गोष्ट ठासून सांगायची असेल तर शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदणी. संपलं. मग त्यानंच केलेला एक छोटासा प्रोग्राम त्या खुणा वाचून त्यांचं नीटनेटकं पान करून द्यायचा. या खुणांवर ढब्बूचं फार प्रेम. त्यांच्याबद्दलही टिपणं होती, आणि त्यांत तो स्वतःला यथेच्छ शिव्या घालायचा. ‘अक्षर जाड केलं म्हणजे ते शीर्षक होत नाही. हे शीर्षक आहे असं सांगावं लागतं. गाढवा, या चुकीपायी दोनदा तोंडावर पडलायस. आता पुरे.’

“तू स्वतःला एवढ्या शिव्या घालून घेतोस,” त्याची बायको म्हणायची, “की माझ्या वाट्याला काही उरतच नाही.”

आता आत्याबद्दल. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात चौकशीच्या फोनवर ती बसायची, अगदी तरुणपणापासून. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, रस्त्यात पाइप फुटलाय, मीटर उलटा फिरतोय, काहीही असो, लोकांनी फोन लावला की पलीकडून तिचा आवाज यायचा: “पाणीपुरवठा चौकशी. बोला.” त्या ‘बोला’मध्ये असं काही होतं, की तावातावानं भांडायला फोन केलेला माणूसही दोन वाक्यांत सरळ बोलायला लागे.

ढब्बू शाळेतून घरी आला की घरात कुणी नसायचं. आई-वडील दोघंही कामावर. दप्तर टाकून तो आधी तो नंबर फिरवायचा आणि काही न बोलता फोन कानाला लावून उभा राहायचा. “पाणीपुरवठा चौकशी. बोला.” मग जरा वेळ शांतता. मग आवाज हलका व्हायचा. “घरी पोचलास का? बरं. दूध पी आणि फोन ठेव, लोक रांगेत आहेत.” रोजचं ठरलेलं होतं हे. कार्यालयात कुणाला कळलं असतं तर आत्याला बोलणी बसली असती, पण कळलं नाही कधी.

तर त्या आत्याची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू, कडेकडेनं काळोख येत येत. डॉक्टरांनी हात टेकले. आता तिला खिडकी कुठे आहे एवढं कळे, बाकी काही नाही. कार्यालयानं तसं वाईट वागवलं नाही. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम तिच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. आत्यानं त्याचं नाव पोपट ठेवलं. पण तिच्या वरच्या अधिकारी, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. महिनाअखेरीला एक दिवस त्या शेजारी बसतील. फोन करणारा ताटकळत असताना आत्याला माहितीपुस्तिकेतून बरोबर उत्तर काढून देता आलं, तर खुर्ची तिची. नाही आलं तर मागच्या खोलीत बसायचं, काही कमी पडणार नाही, पण फोन मात्र नाही.

“मागच्या खोलीत काय काम असतं?” ढब्बूनं फोनवर विचारलं.

“बसायचं काम असतं,” आत्या म्हणाली. “ढब्बू, तू कॉम्प्युटरमधला ना? ये मग. पोपट बोलतो खूप, पण शहाण्यासारखं बोलत नाही.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ढब्बू तिच्या घरी गेला. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी, कपाटावर हात फिरवला तर धुळीचा कण नाही. टेबलावर कॉम्प्युटर. आत्यानं पुस्तिका उघडली, म्हणाली “ऐक”, आणि पोपट पहिल्या पानापासून सुरू झाला. प्रस्तावना, खात्याची उद्दिष्टं, कोण कुणाच्या हाताखाली.

“आता समज, कुणी विचारलं की नळाला लाल पाणी येतंय, काय करू? मी हे सगळं ऐकत बसू? तोवर तो बिचारा ते पाणी पिऊनसुद्धा टाकील.”

“शोध ना मग. शब्द टाकून.”

“टाकला. ‘पाणी’ टाकलं तर पानोपानी पाणी. ‘लाल’ टाकलं तर काहीच नाही, कारण साहेबलोकांनी ‘जलाच्या वर्णातील बदल’ असं लिहिलंय. निम्मं मला पाठ आहे रे. पण नियम बदलतात, आणि पाठ असलेलंच घात करतं.”

ढब्बूनं पडद्यात डोकं खुपसलं. शीर्षकं होती की! मोठी, जाड, ठसठशीत. पण ज्या कुणी ती लिहिली होती त्यानं फक्त अक्षरं जाड केली होती, हे शीर्षक आहे असं कुठे सांगितलंच नव्हतं. डोळ्यांना ती शीर्षकं दिसत होती. पोपटाला जाडी काय कळणार? त्याच्या लेखी सगळ्या ओळी सारख्याच. ढब्बू खदखदून हसला. “अगं, अंगावर कपडे साहेबाचे आहेत, पण साहेब नाहीये! खरी शीर्षकं असती तर पोपटाला एक कळ दाबून एकावरून दुसऱ्यावर उड्या मारता आल्या असत्या. काळजीच सोड. मी करून आणतो.”

आणि तो खरंच कामाला लागला. आठवडाभर कंपनीतून आला की तेच. बायको म्हणाली, आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरही तू एवढा वेळ घालवला नव्हतास. पुस्तिकेचं त्यानं असं पान केलं की बघत राहावं. प्रत्येक विषयाला छोटं चित्र, इथे थेंब, तिथे नळ. निळ्या रंगाच्या छटा. चित्रावर माउस नेला की हळुवार उघडणारी चौकट आणि चौकटीत उत्तर. पान एकदम मोकळं, कुठेही गर्दी नाही. आत्याच्या टेबलावर ते उघडताना त्याची छाती फुगली होती.

पोपट म्हणाला, “चित्र. चित्र. चित्र. चित्र. पान संपलं.”

“संपलं?” आत्या म्हणाली. “शहरातलं पाणी एवढ्यातच आटलं?”

ढब्बूनं कपाळावर हात मारून घेतला. उत्तरं सगळी चौकटींत, चौकटी उघडणार माउस नेल्यावर, आणि जिला माउसचा बाण दिसत नाही ती तो नेणार कुठे? शीर्षकं करायला निघालेल्या शहाण्यानं शीर्षकांच्या जागी चित्रं लावली होती. आठवडाभर राबून त्यानं एक सुंदर पान केलं होतं, फक्त स्वतःसाठी.

“‘जे दिसायला छान आहे ते कुणासाठी छान आहे, हे आधी विचार. मग कळ दाब,’” आत्या सावकाश म्हणाली.

“हे कुणी म्हटलंय?”

“तूच. तुझ्या टिपणात. त्याच्या पुढे स्वतःला बैलोबा म्हटलंयस.”

झालं होतं असं, की पुस्तिकेची फाईल आत्याला सहज मिळावी म्हणून ढब्बूनं आपल्या कॉम्प्युटरवरचा एक फोल्डर तिच्यासाठी उघडा केला होता, आणि घाईत एक पायरी वरचा, सगळी टिपणं असलेला, केला होता. आत्यानं तो आठवडा त्याची सगळी टिपणं ऐकण्यात घालवला होता. प्रिंटर, लिफ्ट, सासऱ्यांचा मोबाईल, सगळं. ढब्बूचे कान लाल झाले.

“सगळी ऐकलीस?”

“सासऱ्यांचं दोनदा. हसून हसून पोट दुखलं.”

पण ढब्बूला हसू येईना. एवढा मोठा इंजिनियर, आणि आत्याच्या एका पुस्तिकेपुढे नाकी नऊ आले. महिना अर्धा सरला होता. तो थकला होता, आणि थकलेला माणूस बोलू नये ते बोलतो.

“आत्या, राहू दे ना हे. कशाला जिवाला त्रास? आमच्याकडे ये राहायला. खोली आहे. तुला काही कमी नाही पडणार.”

आत्या बोलली तेव्हा तिचा फोनवरचा आवाज नव्हता तो, कापरा होता.

“तुझं घर मला परकं नाही. पण काही कमी नाही पडणार, काही कमी नाही पडणार, जो तो मला हेच सांगतोय. अरे, मला काही कमी पडू नये हे ठीक, पण मी कुणालातरी कमी पडायला हवीय. सकाळी त्या खुर्चीत बसले की लोकांना माझा उपयोग असतो. त्यांना माझे डोळे गेलेत हेसुद्धा ठाऊक नाही. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ मी आंधळी नसते. तो तू मला सोड म्हणतोस?”

ढब्बूनं उठून तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, पण रागानं नाही. तो हात कळांवर ठेवायला हवा होता तिला.

“आता ऐक. तू करून आणायचं नाही. तू शिकवायचं. तुझ्या त्या खुणा साध्याच आहेत ना? हॅश, चांदणी. त्या काही दिसाव्या लागत नाहीत. टाइप करायच्या असतात, आणि टाइप करायला मी तुझ्या जन्माआधी शिकलेय. आणि तो पडदा बंद कर.”

“पडदा कशाला बंद?”

“मला तो लागत नाही, आणि तुला तो बिघडवतो.”

ढब्बूनं पडदा बंद केला, तिच्या सांगण्यावरून डोळेही मिटले, आणि आपल्याच सुंदर पानात शिरला. दोन मिनिटांत असा हरवला की कुठून आलो आणि कुठे निघालो याचा पत्ता नाही. चित्र. चित्र. चित्र. घाम फुटला. डोळे उघडले तेव्हा आत्या मजेत हसत होती, आणि मग तोही हसला. ते पान त्यानं तिथल्या तिथे पुसून टाकलं. हळहळ वाटली, खोटं कशाला बोला.

मग त्यांचं काम खरं सुरू झालं. ढब्बू संध्याकाळी कंपनीतून थेट तिच्याकडे यायचा. आत्यानं पुस्तिकेतला साधा मजकूर घ्यायचा, पोपटाकडून ऐकायचा, जिथे नवा विषय सुरू होतो तिथे हॅश. पोपटाचं बोलणं तिनं इतकं पळवलं होतं की ढब्बूला नुसती माशी गुणगुणल्यासारखं वाटे, पण आत्याला शब्द न् शब्द कळे. एक हॅश म्हणजे मोठा विषय, दोन म्हणजे त्याच्या पोटातला, हे तिला एकदाच सांगावं लागलं. पातळ्या मात्र ती सुरुवातीला हवेत उडी मारल्यासारख्या सोडायची, एकावरून थेट तीनवर. तेव्हा ढब्बू तिला थांबवायचा. “मधली पायरी गाळलीस तर पोपट आपटतो.” ती चुटपुटायची आणि दुरुस्त करायची.

खुणा ढब्बूच्या, पण कुठे काय म्हणायचं ते आत्याला ठाऊक. ‘जलाच्या वर्णातील बदल’ याच्या आधी ती लिहायची, ‘पाणी लाल, पिवळं, गढूळ’. ‘अनियमित मापन’ याच्या आधी, ‘मीटर वेड्यासारखा फिरतोय’. खात्याच्या उद्दिष्टांपुढे तिनं हॅश टाकलाच नाही.

“ते शीर्षक आहे, आत्या.”

“असेल. त्यासाठी कुणी कधी फोन केलाय का?”

ढब्बूनं आपला छोटा प्रोग्राम तिच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरही बसवून दिला, मोठ्या मॅडमना विचारून, रीतसर. साधी फाईल, एक कळ दाबली की पान तयार, मग पोपट शीर्षकाशीर्षकावरून उड्या मारत निघाला. पुस्तिका पूर्ण झाली त्या संध्याकाळी आत्यानं त्याला उलटसुलट प्रश्न विचारायला लावले. ढब्बू नाकातून आवाज काढून तक्रारखोर म्हातारा झाला, मग चिडका दुकानदार झाला. प्रत्येक वेळी टक, टक, टक, आणि उत्तर हजर. घरी जाताना ढब्बू गाडीत चक्क गुणगुणत होता.

परीक्षेच्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि आत्याला कार्यालयात घेऊन गेला. लांबलचक खोली, भिंतीला लागून टेबलं, कानाला फोन लावलेली माणसं, सगळ्यांचा मिळून एक घुमणारा आवाज. आत्या आपल्या खुर्चीपर्यंत कुणाचा हात न धरता गेली. मोठ्या मॅडम आल्या. उंच, नेटक्या, बोलायला कोरड्या पण मनानं खाष्ट नव्हेत.

“एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “काल संध्याकाळी नवी पुस्तिका आली. जुनी आजपासून रद्द. बरेच नियम बदललेत, क्रमही बदललाय. तुमची फाईल जुन्या पुस्तिकेची आहे.”

इतक्या संध्याकाळी पाण्यात! “मॅडम, हे बरोबर नाही,” ढब्बू जवळजवळ ओरडलाच. “आज नको मग. मला दोन दिवस द्या, मी ती पण करून—”

“ढब्बू,” आत्या म्हणाली. “गप्प बस.”

मग ती मॅडमच्या आवाजाकडे वळली. “नवी पुस्तिका माझ्या कॉम्प्युटरवर टाकाल का? आणि मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोन देऊ नका. मग बसा माझ्याशेजारी.”

मॅडमनी जरा विचार केला. “चालेल. पण हे बाहेर बसतील.”

ढब्बू बाहेर बसला. व्हरांड्यात एक बाक होतं, दार अर्धवट उघडं, पण बसल्या जागेवरून भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. पहिल्यांदा तो हात चोळत राहिला. हात शिवशिवत होते, आत जाऊन सगळं उरकून टाकावं असं वाटत होतं. मग त्यानं डोळे मिटले आणि सगळ्या आवाजांतून तिच्या कळा वेगळ्या ओळखायला लागला. बाण खाली, बाण खाली, माशी गुणगुणते, थांबते. मग दोन कळा एकदम. तो हॅश! इतक्या संध्याकाळी तो आवाज कानात मुरला होता. पुन्हा बाण. पुन्हा हॅश. एकदा हॅश, हॅश, मग लांब शांतता, आणि मग खोडायची कळ. पातळी चुकली असणार, दुरुस्त केली. शाब्बास, तो मनात म्हणाला. येणारे-जाणारे लोक डोळे मिटून हसणाऱ्या माणसाकडे बघत पुढे गेले.

जेवणाच्या सुट्टीची वर्दळ झाली आणि ओसरली. आत्या जेवली नाही, ढब्बूही नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम शेजारी बसल्या होत्या. फोन वाजला.

“पाणीपुरवठा चौकशी. बोला.”

पहिला फोन पाणी कधी येणार याचा. सोपा. दुसरा फुटलेल्या पाइपचा, तोही झाला. तिसऱ्या फोनला आत्या बराच वेळ नुसती “हं, हं, ऐकतेय” म्हणत राहिली. पलीकडे कुणीतरी रडकुंडीला आलेलं असावं.

“लाल पाणी येतंय. सकाळपासून. बरं. आणि बाळ किती लहान आहे? अगं बाई. आणि तुम्ही विचारताय की उकळून वापरलं तर चालेल का. हो, तुम्ही उकळून—”

आत्या थांबली.

बाहेर ढब्बू बाकाच्या कडेला सरकला. जुन्या पुस्तिकेत तेच होतं. नळ जरा वाहू द्या, मग उकळून वापरा. ते वाक्य त्या दोघांनी मिळून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हटलं असतं. नव्या पुस्तिकेत काय आहे कोण जाणे. म्हण की, आत्या. नको, म्हणू नकोस. बघ आधी.

“एक क्षण थांबा,” आत्या म्हणाली. “बघून सांगते.”

टक. टक. टक. टक. मध्ये एक टक चुकला, मागे आला, पुन्हा पुढे.

“ऐका. उकळू नका. उकळल्यानं हे जात नाही. पाइप बदलण्याचं काम चालू असलं की जुन्या पाइपांतला गंज असा येतो. बाळाला ते पाणी अजिबात देऊ नका, आंघोळीलासुद्धा नको. लहान मूल असलेल्या घराला पाण्याची गाडी आता दारापर्यंत येते, हा नियम नवीन आहे. मी तुमचं घर आत्ता नोंदवते. पत्ता सांगा. सावकाश सांगा, घाई नाही.”

पत्ता झाला. मग पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं. आत्याच्या आवाजात हसू आलं.

“हो, नक्की. पाठ केलेलं सांगत नाहीये. समोरच आहे माझ्या.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. ढब्बूनं बाहीनं डोळे पुसले, आणि कुणी बघतंय का याची फिकीरही केली नाही. आत लगेच पुन्हा फोन वाजला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. बऱ्याच वेळानं मोठ्या मॅडम व्हरांड्यात आल्या. ढब्बू ताडकन उभा राहिला.

“तुम्ही अजून इथेच?” त्या म्हणाल्या.

“म्हटलं, आत्याला घरी न्यायचंय.”

“आत्ता कशा येतील त्या? त्यांची ड्यूटी संध्याकाळी संपते.” त्या वळल्या, मग परत थांबल्या. “आणि त्यांनी आज केलेली फाईल बाकीच्यांच्या कॉम्प्युटरवर टाकायचं बघा जरा. त्या पोरांचे डोळे धडधाकट आहेत, पण ‘वर्णातील बदल’ त्यांनाही सापडत नाही.”

ढब्बू जिना उतरून खाली रस्त्यावर आला. ऊन चांगलंच होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि कंपनीतून त्याला बरेच निरोप येऊन पडले होते. त्यानं मोबाईल काढला. आजचं टिपण लिहावं म्हणून फाईल उघडली, एक हॅश टाकला, आणि पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना. मग त्यानं फाईल बंद केली आणि तो जुना नंबर फिरवला. इतक्या वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, पण बोटांना पाठ होता. फोन कुणाच्याही टेबलावर वाजला असता. वाट बघायची धून वाजत राहिली, आणि तो उन्हात उभा राहिला.

“पाणीपुरवठा चौकशी. बोला.”

तोच आवाज होता. ढब्बू काही बोलला नाही.

जरा वेळ शांतता. मग आवाज हलका झाला.

“काही खाल्लंस का?”

“नाही अजून.”

“मग खाऊन घे,” आत्या म्हणाली, “आणि फोन ठेव. लोक रांगेत आहेत.”